क्रूझची नोंदवही: बटणापासून पेडलपर्यंत

८७,४०० किमी. जुनी डिझेल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. क्रूझ म्हणजे पाय न लावता ठरवलेला वेग राखणारी सोय. तिचं बटण दाबलं की डॅशवर दिवा येतो, पण वेग पक्का करणारं 'सेट' दाबलं की ढिम्म. एका गॅरेजमध्ये काही न तपासताच स्टिअरिंगवरची सगळी बटणं बदला म्हणाले. मी हात जोडून घरी आलो. हॉर्न वाजतो, गाण्यांचा आवाज बटणांनी कमीजास्त होतो, एअरबॅगचा दिवाही गप्प, तर बिचाऱ्या स्टिअरिंगवर संशय कशाला? शिवाय त्या भागात एअरबॅग असते, बॅटरी सोडवल्याशिवाय तिथे हात घालणं मला मंजूर नाही.

८७,४३० किमी. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं यंत्र) लावून चालू सिग्नल पाहिले आणि चोर सापडला. ब्रेक पेडलवरच्या स्विचमधून दोन सिग्नल जातात. पेडल दाबलं की एक जोडला जातो, दुसरा तुटतो आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, दोन्ही ताडून बघतो. माझ्या गाडीत पेडलला पाय न लावताच दुसरा सिग्नल तुटलेला दिसत होता. गाडीच्या मते मी कायम ब्रेकवर पाय ठेवून बसलेलो, मग क्रूझ लागणार कसं? मागचे दिवे पहिल्या सिग्नलवर चालतात, म्हणून ते व्यवस्थित लागत होते. 'ब्रेक लाइट लागतो ना, मग स्विच चांगला' म्हणणारे इथेच फसतात.

रविवारी डोकं पेडलपाशी, पाय सीटवर, तोंडात टॉर्च अशा अवतारात स्विचच्या वायरींचा कपलर (जोड) काढला. जोड पूर्ण असेल तर वाजणारा मल्टीमीटर त्या दुसऱ्या सिग्नलच्या संपर्कावर मुका. स्विच हलवला की मध्येच 'पीं'. नवीन स्विच बसवताना माझ्या गाडीत पेडल दाबून धरायचं, स्विच पाव फेरा फिरवायचा आणि पेडल हळूच सोडायचं. कट-कट करत स्विचची दांडी आपली जागा धरते. ती एकदाच जुळते. मी पेडल दाबायलाच विसरलो आणि एक कोरा स्विच वाया घालवला. दुसरा बसल्यावर ब्रेक लाइट बघायला लेकीला मागे उभं केलं: "लागला… गेला… लागला!" याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

८७,४६० किमी. रिकामा सरळ रस्ता, ६० वर सेट. ब्रेकला नुसता पाय टेकवला आणि क्रूझ सुटलं. कॅन्सल बटणही चोख.

८८,०५० किमी. समृद्धी महामार्ग. कारला १२० ची मर्यादा असली तरी मी ९५ वर सेट केलं. इंजिन निवांत, पाय मोकळा, आणि अर्ध्या तासात डोळे जड! त्या सरळसोट रस्त्यावर क्रूझ म्हणजे अंगाई. तासाभराने उतरून चहा घेतलाच. वाटेत सर आली तेव्हा लगेच बंद केलं. पाण्यावर टायर तरंगला तरी साधं क्रूझ वेग राखायलाच बघणार. 'रिझ्यूम'लाही मी बिचकून असतो. पुढे ट्रक ६० ने चाललाय आणि ते बटण दाबलं, तर गाडी जुन्या ९५ कडे झेपावते.

बाहेर पडायच्या फाट्यावर सवयीने आधी क्लच दाबला. त्यानेही क्रूझ सुटायला हवं होतं, पण सुटलंच नाही, इंजिन एकदम किंचाळलं. ब्रेकला पाय लागला तेव्हा कुठे शांत झालं. चाचणीत क्लच तपासायचा राहूनच गेला होता. त्याचा स्विच मागवलाय. तोवर क्रूझचं मुख्य बटण बंद.