वर होतं ते कापडच

रविवार, 4 जानेवारी

रात्री साडेदहाला घरी पोचलो. डोळे मिटताहेत, पण आजचं आजच लिहून ठेवायचंय.

टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातले आम्ही सहा जण आणि शेडमधले मिस्त्रीमामा. गरम हवेच्या फुग्यात बसायला काल दुपारी सोलापूर सोडलं, मुक्काम मावळातल्या कामशेतला. पहाटे साडेपाचला माळावर उभे होतो, दात वाजत होते. आपल्याकडची थंडी हुरड्याची; अंगावर चादर घेतली की भागतं. मावळातली पार हाडात शिरते. पण फुगा उडायला हीच बरी म्हणे. बाहेरची हवा जितकी गार, तितकी आतल्या तापलेल्या हवेची उचल जास्त. शिवाय ऊन चढलं की जमिनीवरून हवा उसळायला लागते, म्हणून सगळा कारभार पहाटेचा.

पंख्यानं हवा भरत होते, तेव्हा तोंडाची कड धरायला मी आणि मामा होतो. बॅटरीच्या उजेडात कापड जवळून पाहिलं. नायलॉन, बारीक चौकडा. ठरावीक अंतरावर ताण्यात म्हणजे उभ्या धाग्यांतही जाड धागा, बाण्यात म्हणजे आडव्यांतही जाड धागा. कुठं चिरलंच तर फाट त्या जाड धाग्याशी अडते, पुढं पळत नाही. मामांनी चिमटीत धरून चोळलं, कड बॅटरीसमोर धरून पाहिली. "विणणारा शहाणा आहे," एवढंच म्हणाले.

मग वर गेलो. टोपलीत अंगाला वारा लागतच नाही, कारण आपण वाऱ्याबरोबरच चाललेलो असतो. बर्नर थांबला की खालच्या वाडीतलं कुत्रं भुंकलेलं स्पष्ट ऐकू येतं. पायलटच्या हातात फक्त वर-खाली. ज्या उंचीला हवा तसा वारा मिळेल तिथं जायचं. धुक्यातून लोहगड आणि विसापूर नुसते माथ्यापुरते वर आलेले. सगळे मोबाईल काढून उभे होते. मी मान वर करून कापडाकडं बघत राहिलो. आत शंभर अंशाच्या आसपास उष्णता, आणि आठ जीव त्या विणीच्या भरवशावर. 1783 मध्ये लोकांसमोर पहिला मोठा फुगा उडवणारे फ्रान्सचे मोंगोल्फिये बंधूही कागद कारखान्याच्या घरातले. त्यांनी कापडाला आतून कागद लावला होता आणि तुकडे चक्क बटणांनी जोडले होते. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला हे ऐकून आपल्याच भावकीतलं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

उतरलो ते भाताच्या काढलेल्या खाचरात. कापड गोळा करताना फुगेवाल्यांची पोरं आम्हाला शिकवायला लागली, तर मामांनी दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि आम्ही हवा दाबत दाबत चादरीसारखी घडी घातली.

घरी अप्पा जागेच होते. तीस वर्षं यंत्रमागावर काढलेला माणूस. किती उंच गेलास, भीती वाटली का, काही नाही. "कापड कसलं होतं रे?"

वहीच्या पाठीवर चौकडा काढून दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग रेघेवर बोट ठेवून विचारलं, "दर किती धाग्यांनी जाड येतो?"

मी मोजलेच नव्हते. उद्या मामांना विचारतो, त्यांनी नक्की मोजले असणार.