बाबांचा लॅपटॉप, ७३ टॅब आणि केस्वॅपडी

गेल्या दिवाळीत सांगलीला घरी गेलो तर बाबांनी फराळाच्या आधीच लॅपटॉप समोर आणून ठेवला, म्हणाले, "अरे, हा आता चालतच नाही, नवीन घ्यायला लागतोय का बघ." २०१४ साली घेतलेला लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, आणि त्यावर मीच काही वर्षांपूर्वी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई एडिशन टाकून दिली होती. बाबा सगळं काम फायरफॉक्समध्येच करतात, वेगळं असं काही नाहीच.

त्याच्या आधी दोन महिने फोनवर मी त्यांना "कॅश क्लिअर करा" एवढंच सांगत होतो आणि ते बिचारे दर आठवड्याला करत होते. हा सल्ला चुकीचा होता आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण कॅश उडवली की तीच पानं, तेच फोटो परत नेटवरून आणावे लागतात, म्हणजे वेग वाढायचा सोडून कमीच होतो. कॅशमुळे एखादं पान मोडकं दिसत असेल तर ठीक, पण स्लो ब्राउझरवर तो उपाय नाही.

तर यावेळी ठरवलं की आधी काहीच बदलायचं नाही, नुसतं शेजारी बसून बघायचं बाबा काय करतात आणि नेमकं कुठे अडतात. एक अख्खी सकाळ बसलो. आणि तेव्हा कळलं की "स्लो" म्हणून ते ज्याला म्हणत होते त्या तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक, सकाळी ब्राउझर उघडायलाच वेळ लागतो. दोन, दुपारपर्यंत सगळंच गोठतं, माऊसचा बाणसुद्धा हलत नाही. तीन, यूट्यूबवर कीर्तन लावलं की पंखा घूंऽऽ करून सुटतो आणि चित्र अडखळतं. सर्दी, पोटदुखी आणि गुडघेदुखी एकाच माणसाला असली म्हणून एकच गोळी चालत नाही ना, तसंच हे.

पहिलं सोपं होतं. लॅपटॉप रीस्टार्ट करून फायरफॉक्स उघडला आणि मोबाईलवर वेळ लावली, ४१ सेकंद. बंद केला, लगेच परत उघडला, ९ सेकंद. मशीन तेच, ब्राउझर तोच, प्रोफाइल तीच, मग फरक कशाचा? पहिल्या वेळी सगळ्या फाइल्स डिस्कवरून वाचाव्या लागतात, दुसऱ्या वेळी लिनक्सने त्या रॅममध्ये धरून ठेवलेल्या असतात. म्हणजे अडचण डिस्कची. ५४०० आरपीएमची डिस्क सलग मोठी फाइल बऱ्यापैकी वाचते पण इकडेतिकडे विखुरलेले छोटे तुकडे वाचायचे म्हटलं की सेकंदाला शंभरच्या आतच अडकते, कारण प्रत्येक वेळी आतला हेड हलवावा लागतो आणि तबकडी फिरून यायची वाट बघावी लागते, आणि ब्राउझर सुरू होताना नेमकं हेच हजारो वेळा होतं. डिस्क मरायला टेकलीय का तेही बघून घेतलं, मिंटमधल्या डिस्क्स ॲपमध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दिसतो, त्यात रीअलोकेटेड सेक्टर (खराब झाले म्हणून बदललेले भाग) शून्य होते, म्हणजे डिस्क तब्येतीने ठणठणीत पण पायाने हळू. यावर सेटिंगचा इलाज नाही, एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवरची डिस्क, हाच इलाज, ती त्याच दिवशी मागवली.

दुसरं प्रकरण जास्त महत्त्वाचं, कारण बाबा खरे त्रासले होते ते त्यानेच. टर्मिनलमध्ये एचटॉप, म्हणजे कोणती प्रोसेस किती सीपीयू आणि मेमरी खातेय ते दाखवणारा प्रोग्राम, उघडून ठेवला आणि त्यांना म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. साडेअकराच्या सुमारास मशीन गोठलं आणि एचटॉपच्या यादीत सगळ्यात वर कोण आलं तर फायरफॉक्स नाही, केस्वॅपडी० नावाची प्रोसेस. हे नाव लक्षात ठेवा. ही कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, स्वतःची प्रोसेस आहे, रॅम संपत आली की मेमरीतली जुनी पानं (रॅमचे छोटे तुकडे, वेबची पानं नव्हेत) बाहेर काढून जागा करणं हे तिचं काम, आणि ती यादीत वर चढून बसली म्हणजे रॅम पुरत नाहीये. खाली हार्ड डिस्कचा दिवा नुसता पेटलेला, विझतच नव्हता.

मग फ्री -एच ही कमांड दिली. इथे एक गोष्ट सांगतो कारण बरेच जण उगाच घाबरतात. त्यात "फ्री" नावाचा रकाना असतो तो जवळजवळ नेहमीच कमी दिसणार, कारण लिनक्स रिकामी रॅम फाइल्सच्या कॅशला वापरतो आणि लागली की लगेच सोडतो. बघायचा रकाना "अव्हेलेबल". बाबांच्या मशीनवर तो होता १६० एमबी, आणि स्वॅप, म्हणजे रॅममध्ये न मावलेला माल ठेवायची जागा, २ जीबीपैकी १.९ भरलेला. आणि हा स्वॅप कुठे? त्याच हळू डिस्कवर. म्हणजे टॅब बदलला की आधीचा डिस्कवर लिहायचा, नवीन डिस्कवरून आणायचा, तोवर सगळं थांबलेलं.

एचटॉपमध्ये फायरफॉक्सच्या पन्नास ओळी दिसतात त्यानेही गोंधळ होतो. त्यातल्या बऱ्याचशा थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसच्या आतल्या कामाच्या शाखा, असतात, शिफ्ट एच दाबलं की त्या लपतात. आणि प्रत्येक प्रोसेसचा रेस (तिने धरलेली रॅम) आकडा घेऊन बेरीज करू नका, कारण वाटून वापरलेली मेमरी त्यात परत परत मोजली जाते. त्यापेक्षा फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये अबाउट:प्रोसेसेस टाईप करा, कुठला टॅब किती मेमरी आणि किती सीपीयू खातोय ते सरळ नावानिशी दिसतं, आणि पुढच्या फुलीवर क्लिक करून तो बंदही करता येतो. आमच्याकडे ते पान उघडलं तेव्हा उघडे टॅब होते ७३.

आता ७३ टॅब म्हटलं की लोक लगेच "बंद करा की" म्हणतात. मी नाही म्हणालो. बाबा रिटायर्ड शिक्षक आहेत, आमच्या भागातल्या जुन्या देवळांवर आणि शिलालेखांवर टिपणं काढतात, आणि त्यांच्यासाठी उघडा टॅब म्हणजे खूण घालून पालथं ठेवलेलं पुस्तक. "बंद केलं तर परत सापडत नाही रे," हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. तेव्हा आधी सापडण्याची सोय केली. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये टक्क्याचं चिन्ह, स्पेस आणि शब्द टाकला की उघड्या टॅबमध्ये शोधतो, चांदणीचं चिन्ह टाकलं की बुकमार्कमध्ये आणि टोपीसारखं चिन्ह (^) टाकलं की हिस्टरीत. देवनागरीतही चालतं. त्यांनी टोपी टाकून "वीरगळ" लिहिलं, मागे वाचलेली पानं खाली येऊन उभी राहिली, आणि त्यानंतर त्यांनी आपणहून चाळीसएक टॅब बंद केले.

मेमरी खाणाऱ्यांच्या यादीत वर तीन जण होते. पहिला, एका बातम्यांच्या साइटचा टॅब, ४५० एमबी, कोपऱ्यात आपोआप चालणाऱ्या व्हिडिओ जाहिराती. यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकलं आणि सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले आवाज आणि चित्र दोन्हीसाठी बंद केला, तोच टॅब १३० वर आला. दुसरा, स्कॅन केलेलं गॅझेटियर, १८८५चं सातारा जिल्ह्याचं, तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते म्हणून बाबांना ते सारखं लागतं. शेकडो पानांच्या फोटोंची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडी ठेवली की त्या चित्रांना मेमरी लागणारच. ती फाइल डाउनलोड करून मिंटच्या एक्सरीडरमध्ये उघडायची सवय लावली, आता ते त्यात पान नंबर टाकून थेट जातात, त्यांना तेच जास्त आवडलं.

तिसरी ओळ "एक्स्टेन्शन्स" अशी होती आणि तिचा सीपीयू कोणी हात लावत नसतानाही २५ टक्क्यांच्या खाली येत नव्हता. हेल्प मेनूतून ट्रबलशूट मोडमध्ये फायरफॉक्स सुरू केला, त्यात सगळी एक्स्टेन्शन्स बंद असतात, आणि सीपीयू शांत. मग नेहमीच्या मोडमध्ये येऊन एकेक बंद करत गेलो, चौथं सापडलं, खरेदी करताना कूपन शोधून देणारं काहीतरी, बाबांना ते कधी टाकलं आठवतही नव्हतं. काढून टाकलं. फक्त एक लक्षात घ्या, ट्रबलशूट मोडमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशनही, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे देणंही, बंद असतं, त्यामुळे त्या मोडमध्ये व्हिडिओ लावून "अजून वाईट झालं" असा निष्कर्ष काढू नका.

एवढं करून अव्हेलेबल साधारण १ जीबीच्या आसपास आली. तरी ४ जीबी ती ४ जीबीच, म्हणून झेडरॅम टाकलं. हे मला फार आवडतं आणि जुनं मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरायचा पण त्यात जे जाईल ते कॉम्प्रेस करून, म्हणजे डिस्कला हात लावायची वेळ येतच नाही किंवा फार उशिरा येते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०२०मध्ये ३३व्या आवृत्तीपासून हे डिफॉल्टच केलंय. मिंटवर झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज टाकायचं, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये अल्गोरिदम झेडएसटीडी आणि प्रमाण ५० टक्के लिहायचं, सर्व्हिस रीस्टार्ट, झालं. दुपारी झेडरॅमकंट्रोल कमांडने पाहिलं तर १.१ जीबी माल ३५० एमबीत बसला होता. त्या दुपारी मशीन एकदाही गोठलं नाही.

फायरफॉक्समधल्या फिशन या सोयीबद्दल दोन शब्द. २०२१पासून फायरफॉक्स प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस देतो, जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली त्यानंतर क्रोमपाठोपाठ फायरफॉक्सलाही हे करावं लागलं, आणि त्याला मेमरी जास्त लागते. ते अबाउट:कॉन्फिगमध्ये (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन बंद करा म्हणजे मेमरी वाचेल असा सल्ला मिळतो. मी तो मानत नाही आणि तुम्हीही मानू नका. बाबा त्याच ब्राउझरमध्ये बँकेचं काम करतात, पेन्शन जमा झाली का बघतात, एका साइटला दुसरीच्या मेमरीत डोकावता येऊ नये म्हणून घातलेली भिंत १०० एमबीसाठी पाडायची नसते.

अबाउट:कॉन्फिगमधला सेशनस्टोअर इंटरव्हल मात्र बदलला. फायरफॉक्स उघड्या टॅबची यादी दर १५ सेकंदांनी डिस्कवर लिहितो, ते मी ६० सेकंद केलं. फार फरक पडला असं म्हणणार नाही, पण फिरत्या डिस्कवर जेवढं लिहिणं कमी तेवढं बरं.

राहिलं कीर्तन. इथे रॅम भरपूर मोकळी, डिस्क शांत, पण सीपीयू १७० टक्के (एका कोरचे १०० धरून). अबाउट:सपोर्टमध्ये कंपोझिटिंगपुढे वेबरेंडर दिसत होतं, म्हणजे ग्राफिक्स ठीक. इंटेलच्या ग्राफिक्सवर व्हिडिओ हार्डवेअरने डीकोड करणं लिनक्सवर जुलै २०२३च्या ११५व्या आवृत्तीपासून डिफॉल्ट चालू आहे, मग हे का? चिपला कोणते व्हिडिओ कोडेक, म्हणजे व्हिडिओ आवळून साठवायच्या पद्धती, स्वतः उलगडता येतात ते दाखवणारी व्हीएइन्फो कमांड दिली. एच२६४ यादीत होतं, व्हीपी९ नव्हतं. व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स पाहिलं तर कोडेक व्हीपी९. कोडं सुटलं. व्हीपी९चं स्वरूप पक्कं झालं जून २०१३मध्ये आणि ही चिपही त्याच वर्षातली, तिच्यात त्याची सोय कशी असणार, मग सगळं काम सीपीयू हाताने करतोय. व्हिडिओ एच२६४मध्येच मागणारं एन्हान्स्ड एच२६४इफाय हे छोटं एक्स्टेन्शन टाकलं, सीपीयू १७०वरून ४०वर आला आणि पंखा थांबला. यूट्यूबवर एच२६४ने १०८०पीच्या वरचं रिझोल्यूशन मिळत नाही, पण बाबांचा स्क्रीन १३६६ बाय ७६८चा आहे, त्यांना ७२०पी पुरे. आई आतून म्हणाली, "आज शब्द कळतायत हो बुवांचे."

एसएसडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आली, जुनी डिस्क तशीच्या तशी क्लोन केली, आणि रीस्टार्टनंतर फायरफॉक्स ६ सेकंदांत उघडला. रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा आहे हेही खालचं झाकण उघडल्यावर पाहिलं, त्यात डीडीआर३एल लागते, १.३५ व्होल्टवाली, जाताना बाबांना कागदावर लिहून दिलंय.

परवा बाबांचा फोन आला, "अरे, केस्वॅपडी वर आलाय." मी विचारलं किती टॅब आहेत, तर म्हणाले एकोणीस, आणि एकही बंद करायचा नाही, लेख चालू आहे. मग म्हटलं, ज्यांची आत्ता गरज नाही त्यांच्यावर राइट क्लिक करा आणि "अनलोड टॅब" म्हणा, टॅब जागेवरच राहतो, फक्त मेमरी सोडतो, १४०व्या आवृत्तीपासून आलंय ते. फोन तसाच चालू ठेवून त्यांनी अकरा टॅब अनलोड केले, फ्री -एच चालवलं आणि मला आकडा वाचून दाखवला, "अव्हेलेबल एक पूर्णांक तीन. बरोबर ना?"