जाळीतला सचिन

भाच्याने बोस्टनहून पाठवलेले फोटो दुपारी जेवणं आटोपल्यावर निवांत उघडले. फेनवे पार्कमधला बेसबॉलचा सामना, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवाला उभा राहतो त्या जागेच्या, मागची महागडी जागा आणि प्रत्येक फोटोत जाळी इतकी ठसठशीत की गाठी मोजून घ्याव्यात. बॅटवाला मागे कुठेतरी धुरकट. खाली प्रश्न, "मावशी, काय करू?"

फोनला जवळचंच आधी दिसतं, त्याला तो तरी काय करणार! पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यावर, बोट दाबून फोकस लॉक कर म्हटलं. मोठा कॅमेरा असेल तर लांब पल्ल्याची लेन्स, जाळीच्या जमेल तितकं जवळ जायचं, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडायचं, की जाळी विरघळते. फक्त तिच्यावर ऊन नको. दोरा चमकला की अख्ख्या फोटोवर साय धरते.

हे सगळं लिहून पाठवलं खरं, पण मला स्वतःला जाळीवालेच फोटो आवडतात. बिनजाळीचा फोटो पेपरवाल्याचा. जाळीचा, तिकीट काढून गेलेल्याचा.

25 डिसेंबर 1997. आमच्या इंदूरचं नेहरू स्टेडियम, भारत-श्रीलंका. आईने पोह्यांचा डबा दिलेला, शेव वेगळ्या पुडीत, नाहीतर मऊ पडते. बाबांच्या गळ्यात हॉटशॉट कॅमेरा, माझी बोटं जाळीच्या तारांत. चेंडू असा काही वेडावाकडा उसळायला लागला की तीन षटकांत सामनाच रद्द! आमचा डबासुद्धा उघडला नव्हता. मग लोकांची समजूत काढायला एक प्रदर्शनी सामना खेळवला, पण त्यात काय राम? रोल धुऊन आला तेव्हा सगळीकडे तारांचे जाड राखाडी पट्टे आणि एका चौकोनात पिचभोवती जमलेली माणसं. त्यातला सचिन कोणता, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आपली ती जाळी लोकांनी मैदानात उतरू नये म्हणून. बेसबॉलची उलटी, चेंडू लोकांवर येऊ नये म्हणून. पण जाळी चुकवून आलाच, तर ज्याने झेलला त्याचा! त्या आशेने लोक घरून ग्लोव्ह घेऊन जातात. इकडे होळकर स्टेडियमवर 2011 साली सेहवागने 219 ठोकले, पण गॅलरीत आलेला चेंडू कुणाला घरी नेता येतो? मुकाट परत.

अर्थात बेसबॉलचा चेंडू बॅटवरून ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर सुटू शकतो. सप्टेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये असाच एक फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, एका चिमुरडीच्या तोंडावर बसला. त्यानंतर, 2018चा हंगाम सुरू होईपर्यंत, सगळ्या 30 संघांनी जाळी निदान डगआउटच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या जागेच्या, पलीकडच्या टोकापर्यंत नेली. त्यावरही काही प्रेक्षक कुरकुरलेच. जाळीतून नीट दिसत नाही म्हणे.