जाड एमएसवर (साध्या लोखंडावर) टिग वेल्डिंगचा करंट किती ठेवायचा: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये हायड्रॉलिक सिलिंडरची कामं चालतात. टिगवर, म्हणजे टंगस्टनच्या टोकाचा आर्क आणि आर्गन वायूचा आडोसा असलेल्या वेल्डिंगवर, आम्ही एरवी 2-3 एमएमचे पाइप आणि पत्रे करायचो, जाड कामाला सीओटू, म्हणजे आपोआप पुढे येणाऱ्या तारेचं वेल्डिंग. मग एका गिऱ्हाइकाने सांगितलं की सिलिंडरच्या बुडाचा रूट, म्हणजे सांध्याच्या तळाचा पहिला थर, टिगनेच हवा. ट्यूब 10 एमएमची, बूड त्याहून बरंच जाड.

पातळ मालाचा हिशेब वेल्डरला पाठ असतो: एका एमएमला साधारण 40 अँपिअर. 3 एमएमला 120 च्या आसपास, आणि ते बसतंही. तोच हिशेब 10 एमएमला लावला की 400 येतात. माझं मशीन 250 चं. टॉर्च हवेवर थंड होणारी 26 नंबरची, ती 200 पर्यंतच. 2.4 एमएमचं टंगस्टनही 250 च्या पुढे टोक धरत नाही. पण जाड लोखंड एका दमात वितळवायचं नसतंच. सांध्याच्या कडा घासून 60 ते 70 अंशांची व्ही काढली, खाली दीड एमएमचं नाक, म्हणजे न घासलेली सरळ कड, ठेवलं आणि अडीच-तीन एमएमची फट दिली, की रूटच्या वेळी आर्कसमोर ते नाकच असतं. करंट त्याच्या हिशेबाने धरायचा.

एवढं कळलं तरी आकडा ठरत नव्हता. म्हणून त्याच मालाचे तुकडे कापले, व्ही काढली, कडेपासून इंचभर काळी पापुद्री ग्राइंडरने चकचकीत केली आणि वेगवेगळ्या करंटवर रूट मारून बघितले. टॉर्च निगेटिव्हला, आर्गन मिनिटाला 10 लिटर, फिलर, म्हणजे सांध्यात भरायची तार, 70एस-2. पावसाचे दिवस होते. बेळगावच्या पावसात सकाळी मालाला ओल धरलेली असते, म्हणून तुकडे आधी हलके शेकून घ्यायचे आणि पश्चिमेकडचं शटर अर्धं खाली ओढायचं. वारा आत आला की आर्गन उडतो आणि भोकं पडतात. त्याला करंट वाढवणं हा उपाय नाही.

75-80 वर मारलेला रूट वरून देखणा दिसत होता, बारीक खवल्यांचा. आमच्याकडचे खानापूरकडचे जुने वेल्डर मामा शेजारी उभे होते. मी मीटरकडे बघतोय म्हटल्यावर म्हणाले, “आकडा काय बघालास रे, पाणी बघ की. किती वेळ लागला व्हायला?” खरंच वेळ लागत होता. आर्क धरून पाच-सहा सेकंद थांबावं तेव्हा कुठे पाणी व्हायचं, म्हणजे लोखंड वितळायचं, आणि तोवर आजूबाजूची प्लेट लालसर व्हायला लागायची. कमी करंट म्हणजे कमी उष्णता असं वाटतं, पण हात एका जागी रेंगाळला की उलट जास्त उष्णता मालात जाते.

मग तुकडे आडवे कापले, पॉलिश पेपरने घासले आणि स्पिरिटमध्ये थोडं नायट्रिक ॲसिड घालून वरून पुसलं. 80 च्या तुकड्यात खालच्या कोपऱ्यात केसासारखी काळी रेघ राहिली होती, नाकाची कड वितळलीच नव्हती. 110 च्या तुकड्यात ती रेघ नव्हती, मागे पातळ सलग मणी आला होता. 130 ला फटीतून पाणी खाली लोंबलं. आमच्या फटीला 105 ते 115 बरं, असं तिथे ठरलं. पाणी दोन-तीन सेकंदांत झालं पाहिजे आणि फटीच्या तोंडाशी बारीक छिद्र उघडं राहिलं पाहिजे, ही खूण मी आजही धरतो.

वरच्या थरांना भीती बाळगायची नाही. दुसरा पास 140 ला, त्यावरचे 170-180 ला. दोन पासांच्या मध्ये मात्र थांबायचं. तापमानाच्या खडूने बघून माल 250 अंशांच्या खाली आल्यावरच पुढचा. मशीनलाही ती विश्रांती लागते. मशीनवरच्या पट्टीवर 200 अँपिअरला 60 टक्के लिहिलंय म्हणजे दहातली सहा मिनिटंच ते सलग चालणार. पास संपवताना आर्क एकदम तोडायचा नाही. करंट तीन-चार सेकंदांत उतरू द्यायचा, नाहीतर शेवटच्या खळगीत तडा जातो.

खऱ्या सिलिंडरवर बुडाच्या बाजूने 110 कमी पडायला लागले, कारण जाड बूड उष्णता ओढून घेतं. तिथे बूड आधी 100 अंशांच्या आसपास शेकलं, आर्क बुडाकडे जरा झुकता ठेवला आणि करंट 10 ने वाढवला. रूट आणि दुसरा पास टिगने, वरची भरती सीओटूने, असं गिऱ्हाइकाशी बोलून ठरवलं. भरतीला टिग फार वेळ खातं. हे सगळं साध्या एमएस आणि एसटी 52 (सिलिंडरच्या ट्यूबचं पोलाद) साठी. ईएन 8, म्हणजे जास्त कार्बनचं पोलाद, आला तर 150 ते 200 अंशांपर्यंत शेकल्याशिवाय टॉर्च लावायची नाही, आणि झाल्यावर माल चुन्यात पुरून सावकाश गार करायचा.