अडकित्त्यासमोर उकिडवं बसा

पुण्याच्या शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणजे घरातल्याच वस्तूंचा पसारा आहे. दिवे, अडकित्ते, कुलुपं, टाचा घासायच्या वज्री, भांडी, वाद्यं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला कलाकुसर दाखवायला अशी सोपी जागा दुसरी नाही. या वयात मुलांना वस्तूचा उपयोग आधी कळतो, नक्षी मागाहून दिसते.

तरी मुलं तिथे अर्ध्या तासात रडकुंडीला येतात, कारण वस्तू फार. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला हा संग्रह २०,००० वर गेला. मांडलेल्या वस्तूच २,५०० च्या घरात आहेत. एकेकीला अर्धं मिनिट दिलं तरी वीस तास होतात. त्यामुळे 'सगळं बघून घेऊ' हा विचार घरीच ठेवायचा. पाऊण तास आणि चार वस्तू: एक दिवा, एक अडकित्ता, एक वज्री आणि चौथी मूल निवडेल ती. मस्तानी महालाच्या दालनात बाजीरावांचा इतिहास सांगायचा मोह आवरा. तिथे मूल छताकडे बघत असतं, बघू द्या.

तयारी दोन दिवस आधी. समई लावा, तेल आणि वात मुलाकडून घालून घ्या. घरी किंवा शेजारी अडकित्ता असेल तर मोठ्यांनी एक सुपारी कातरून दाखवावी. हे न करता नेलंत तर मुलाला काचेमागे वाकडीतिकडी कात्री दिसते, आणि ते पुढे निघतं.

संग्रहालयात गेल्यावर उकिडवं बसा. पाच वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते. तुम्हाला दिसणारी वस्तू त्याला खालून दिसते, कधी काचेत नुसती ट्यूबलाइटच दिसते. मग एक पाऊल बाजूला सरका, चमक जाते. पाटी तुम्ही मनात वाचा. मोठ्याने वाचलीत की मूल पाटी ऐकतं आणि वस्तू बघायची राहते.

'हे काय आहे?' विचारू नका, ती परीक्षा होते. 'याला धरायचं कुठे?' विचारा. दिव्यापाशी, 'तेल कुठून ओतायचं?' अडकित्त्यापाशी, 'धार कुठल्या बाजूला?' अडकित्ता पक्ष्याच्या किंवा घोड्याच्या आकाराचा असेल तर धार शोधता शोधता मूल चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं घडकाम बघून घेतं. 'हात लावू नको' दहा वेळा म्हणण्यापेक्षा त्याच्या मुठीत एक अख्खी सुपारी द्या. हाताला काम मिळतं आणि एवढं कठीण फळ कातरायला पातं जाड का लागतं, ते कळतं. वस्तू तोंडात घालायचं वय असेल तर सुपारी नको.

वज्रीला जास्त वेळ ठेवा. टाचा घासायची ही पितळी वस्तू. वर मोर, हत्ती, घोडे आणि तळ मुद्दाम खरबरीत केलेला. बसवून ठेवलेल्या वज्रीचा तळ दिसत नाही, म्हणून मुलाला विचारा, खाली काय असेल? मग कागद काढा. पोस्टकार्डाएवढा पुरे, खाली पुठ्ठा आणि साधी पेन्सिल. पेन, खडू, रंग नकोत, डाग पडतात. खोडरबरही घरीच, नाहीतर दहा मिनिटं खोडण्यात जातात. अख्खी वज्री काढायला सांगू नका, फक्त धरायची मूठ. पाच मिनिटांत होते.

वाद्यांचं दालन गप्प असतं. त्यातली दोन वाद्यं आदल्या दिवशी मोबाइलवर ऐकवली असतील तरच तिथे थांबा.

संग्रहालयाच्या नावातला राजा म्हणजे केळकरांचा मुलगा, तो सातव्या वर्षी गेला. मुलाने विचारलं तर खरं सांगा. न विचारता दारातच सांगितलंत तर आत तेवढंच त्याच्या डोक्यात राहील.

शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहलींची वेळ टाळा. गर्दीत काचेपाशी उकिडवं बसता येत नाही. लघवी आणि खाणं आत जाण्याआधी उरका. जिने चढायचे असतात, तेव्हा बाबागाडी आणू नका.

घरी आल्यावर पाव किलो शाडू आणि आंघोळीचा खरबरीत दगड द्या. मुलाने त्या दगडाला मूठ करायची, आवडत्या प्राण्याची. मोर केला तर मान हमखास तुटते. तेवढीच बारीक मान पितळेत का टिकली, ते तेव्हा सांगितलं की लक्षात राहतं. ही वज्री मात्र मोरीत नेऊ देऊ नका, शाडू पाण्यात विरघळतो.