ऑर्कनीच्या हिवाळ्यात एक कुरव ओळखताना

मी पक्षी पाहायला शिकले ते भिगवणला. पट्टकादंब हंस, रोहित (फ्लेमिंगो), पाठीवर ऊन आणि बोटवाल्या दादांचं "मॅडम, डावीकडं बघा." त्यामुळे स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर निघाले, तेव्हा नवऱ्याने सरळच विचारलं, "पफिन उन्हाळ्यात असतात ना? मग आत्ता काय ठेवलंय तिथे?" आत्ता तिथे आइसलँड-ग्रीनलंडकडचे पाहुणे असतात, एवढं सांगून मी थर्मल्स भरायला घेतले.

पहिल्या दिवशीची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळी ५ ला सुटून रात्री ११ ला ऑर्कनीच्या कर्कवॉल बंदराला लागते. मधल्या सहा तासांबद्दल न बोललेलं बरं. ज्यांना बोट लागते त्यांनी पोट साधारण भरलेलं ठेवावं, रिकामं नको.

खरी अडचण थंडीची नाही, उजेडाची. सूर्य ९ वाजता उगवतो, साडेतीनच्या आत मावळतो आणि भर दुपारीही क्षितिजाच्या जेमतेम आठ-नऊ अंश वर असतो. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलात तर पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळा ठिपका दिसतो. पहिला अर्धा दिवस मी असाच घालवला. मग अक्कल आली आणि पाणी उत्तरेला येईल अशा जागा शोधायला लागले. दुसरी युक्ती म्हणजे गाडीतून उतरायचंच नाही. काच अर्धी खाली करून तिच्यावर घडी घातलेला टॉवेल, टॉवेलवर दुर्बीण. वाऱ्यात ट्रायपॉड उभा करणाऱ्यांना माझा नमस्कार.

मुक्काम चर्चिल बॅरियर्सच्या जवळ होता. १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली, त्यानंतर पूर्वेकडच्या वाटा बुजवण्यासाठी हे चार बांध घातले. मोठमोठे काँक्रीटचे ठोकळे टाकलेत आणि वरून रस्ता जातो. बांधाच्या पश्चिमेला स्कापा फ्लो. तिथे ग्रेट नॉर्दर्न डायव्हर पाहिला, आपल्या पाणडुबीचा पैलवान भाऊ म्हणा. तो बुडी मारायचा, मी मनात आकडे मोजायचे आणि तो भलतीकडेच वर यायचा. एकदा चोचीत खेकडा घेऊन आला. आधी झटकून झटकून त्याचे पाय तोडले, मग उरलेला गिळला.

लांब शेपटीच्या बदकांनी मात्र नाकीनऊ आणले. अख्खा थवा एकदम बुडतो. १७ मोजले, मग २३, मग ११. शेवटी तीनदा मोजून मोठा आकडा लिहिला. घरमालकीण आजी या बदकाला 'कालू' म्हणाल्या. त्याच्या हाकेवरून पडलेलं तिथलं नाव. आमच्या गल्लीत कालू नावाचा कुत्रा होता हे त्यांना सांगितल्यावर त्या बराच वेळ हसल्या.

आता मूळ गोष्ट. तिसऱ्या दिवशी बंदराजवळच्या एका पत्र्याच्या छपरावर पांढरट कुरव (गल) बसला होता. पंखांची टोकंसुद्धा काळी नाहीत. माझे हात थरथरायला लागले, थंडीने नव्हे. ग्लॉकस गल, मोठा पांढरट कुरव! लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला! पक्षीनोंदींच्या ॲपमध्ये तिथल्या तिथे नोंद टाकली आणि गरम सूप प्यायला गेले.

संध्याकाळी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाचा निरोप आला. अतिशय सभ्य भाषेत तीन प्रश्न होते. वय काय असावं? चोचीचा रंग? बसलेला असताना पंख शेपटीच्या किती पुढे जात होते? आधी रागच आला. एवढ्या लांबून, उलट्या करत आलेय आणि हे पेपर काढतायत. मग वही उघडली. पुस्तक चाळण्याआधी वहीत जे दिसलं ते लिहायचं, ही सवय भिगवणच्या एका मित्राने लावली होती. तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: "डोकं गोल, कबुतरासारखं. चोच लहान, बहुतेक काळपट, बुडाशी मळकट गुलाबी. पंख शेपटीपलीकडे बरेच." फोटो हललेला होता, पण कोपऱ्यात एक हेरिंग गल (तिथला नेहमीचा कुरव) आला होता आणि दोघांचा आकार जवळपास सारखा.

ग्लॉकस असता तर शेजारचा हेरिंग गल लहान वाटला असता. पहिल्या हिवाळ्यातल्या, म्हणजे वर्षाच्या आतल्या ग्लॉकसची चोच जाड, गुलाबी आणि टोकालाच काळी, जणू शाईत बुडवलेली. पंखही शेपटीपलीकडे थोडेच येतात. मी पाहिला तो आइसलँड गल होता. नाव आइसलँड, पण तो वीण घालतो ग्रीनलंडकडे आणि आइसलँडला फक्त हिवाळ्यात येतो. हे नाव ठेवणाऱ्याला कोणी तीन प्रश्न विचारले नव्हते वाटतं.

वहीतलं वर्णन जसंच्या तसं इंग्रजीत करून पाठवलं, फोटो जोडला, नोंद बदलली: आइसलँड गल, एक, पहिला हिवाळा. दोन दिवसांनी मान्य झाली. लायफर तर हाही होताच.

त्या रात्री बाकीची यादीही तपासायला बसले. शेतातले शेकडो ग्रेलॅग हंस, हॅरी तलावावरचे हूपर स्वान, किनाऱ्यावरचे जांभळे तुतवार, संध्याकाळी कुरणावर तरंगत गेलेलं आखूड कानांचं घुबड, यांच्याबद्दल शंका नव्हती. पण एक व्हेल्व्हेट स्कोटर (काळं समुद्री बदक) होता. बांधावर शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी बोट दाखवून "तो बघा" म्हटलं होतं आणि मीही मान डोलावली होती. पंखावरचा पांढरा पट्टा मला दिसला होता का? नव्हता. काळं काहीतरी लाटेमागे गेलं, एवढंच.

तो खोडला. यादी ४१ वरून ४० वर आली.