बुडबुड्यांचं पाणी

आमचा मोगरा रुसला होता. पानं पिवळी, कळ्या टिचभर होऊन गळायच्या. माती ओलीच होती, तरी झाड मलूल. अशा वेळी माणूस काय करतो? आणखी पाणी घालतो. मोगलांनी ज्या नाशकाला गुलशनाबाद म्हटलं, तिथे राहून एक मोगरा फुलवता येऊ नये, हे जरा लागलंच.

भाच्याने निदान केलं. "मामा, गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापतं. त्यात ऑक्सिजन उरतोच कुठे?" बोलणं खोटं नव्हतं, पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. त्याने फिशटँकचा पंप आणून बादलीत सोडला. आठवडाभर मी मोगऱ्याला फेसाळ पाणी पाजलं. मोगरा ढिम्म.

मग हिशेब मांडला. कितीही बुडबुडे सोडा, लिटरभर पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम ७-८ मिलिग्रॅम. लिटरभर हवेत मात्र सुमारे २५० मिलिग्रॅम! म्हणजे लिटरभर हवेपुढे अख्खी बादली फिकी. मुळांचा श्वास चालतो तो मुख्यतः मातीच्या कणांमधल्या पोकळीतल्या हवेवर. पोकळीत पाणी तुंबलं की संपलं, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानाने दहा हजार पट सावकाश सरकतो. पाणी घालायचं ते निथळण्यासाठीही: ते खाली उतरतं आणि मागोमाग ताजी हवा आत ओढली जाते.

आमच्या कुंडीतून निथळत काहीच नव्हतं. मळ्यातली काळी माती मी मोठ्या कौतुकाने पोत्यात भरून आणली होती. शेतात सोनं, पण कुंडीत भिजली की फुगून गच्च बसते. कुंडी आडवी करून तळाच्या भोकात जुनी विणायची सुई खुपसली, तर काळं पाणी भळभळा आलं. वास असा, की सासूबाईंनी आतूनच विचारलं, "गटार तुंबलं का हो?"

कुजलेली मुळं छाटली. निम्मी माती काढून जाड वाळू, कोकोपीट आणि शेणखत मिसळलं. कुंडीखालची ताटली मोरीत गेली. आता बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही टाकीचंच. परवा सात फुलं आली. चार देवाला, तीन बायकोच्या केसांत.

पंप भाचा परत घेऊन गेला. त्याच्या माशांना तो खरंच लागतो.